चोरून ऐकलेली पुस्तकं

या वर्षी आमच्या कनिष्ठ महाविद्यालयातल्या वादविवाद स्पर्धेला विषय होता, चोरीची पुस्तकं, गाणी आणि सिनेमे डाउनलोड करणाऱ्यांनाही शिक्षा व्हावी की नाही. विषय मी दिला नव्हता, पण मराठी शिकवते म्हणून परीक्षकाच्या खुर्चीवर मलाच बसवलं. बाजूनं बोलणारी मुलगी म्हणाली, दुकानातली वस्तू न सांगता उचलली तर आपण चोर म्हणतो, मग मोबाइलमध्ये उचलली तर काय म्हणायचं? विरोधातला मुलगा जागेवरूनच उठला. "मॅडम, आमच्या गावात पुस्तकाचं एक दुकान दाखवा, मंग बोला." सभागृह हसलं, टाळ्या पडल्या.

मला टाळ्या वाजवता आल्या नाहीत. डोकं दुखतंय असं सांगून मी सोबतच्या सरांना माझ्या जागेवर बसवलं आणि स्टाफरूममध्ये येऊन बसले. हेच दोन मुद्दे मी आधी दोन म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून ऐकले होते. त्यातले एक माझे वडील. दुसरे त्यांचे मित्र, ज्यांना मी जन्मापासून काका म्हणत आले.

बाबा बोरी अरबच्या शाळेत मराठी शिकवायचे. काकांचं यवतमाळला पुस्तकांचं दुकान होतं आणि त्याच दुकानाच्या मागच्या खोलीतून ते पुस्तकं प्रकाशित करायचे. दोघं कॉलेजात असताना यवतमाळला एकाच खोलीत राहिलेले. स्वयंपाक बाबांकडे आणि भांडी काकांकडे, असं आई हसून सांगायची. पुढं एक मास्तर झाला, एक दुकानदार, पण खोलीतलं बोलणं काही संपलं नाही. काकांकडे नवं पुस्तक छापायला आलं की त्याची मुद्रितं तपासायला बाबांकडे यायची. दारव्ह्याकडे येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरजवळ काका कागदांचा गठ्ठा देत, बोरीच्या स्टँडवर बाबा तो उतरवून घेत. सुट्टीच्या दिवशी ओसरीत लाल पेन घेऊन बसले की त्यांना जेवायचीही शुद्ध नसायची. आपल्या भागातली, आपल्या बोलीतली माणसं छापील पानावर यावीत, हा दोघांचा ध्यास होता. विकली जायची ती पुस्तकं थोडीच. पण लग्नात, तेरवीत, कुठंही काका भेटले की त्यांच्या खांद्याला शबनम असायची आणि शबनममध्ये नवं पुस्तक.

बाबांचे डोळे निवृत्तीनंतर गेले. काचबिंदू होता, आणि तो कळला तेव्हा उशीर झालेला होता. पण आम्हाला कळण्याआधी तो काकांना कळला होता, हे मला फार पुढं समजलं. बाबांनी तपासून पाठवलेल्या पानांवर ओळींच्या उजव्या टोकाच्या चुका राहायला लागल्या. काकांनी दुसऱ्यांदा स्वतः पानं तपासली, चुका काढल्या आणि बाबांना काहीच सांगितलं नाही. पुढचा गठ्ठा नेहमीसारखाच एसटीनं पाठवला, त्याच्या पुढचाही. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, एकदा विचारलं की दुप्पट काम कायले करता? तर म्हणाले, "त्याच्या हातचं लाल पेन मी काहून काढून घेऊ?" शेवटी बाबांनाच पानावरची ओळ दिसेनाशी झाली तेव्हा ते थांबले.

त्यानंतरचे दिवस वाईट होते. बाबा पहाटे उठत आणि ओसरीतल्या खुर्चीवर बसून राहत. मी दिग्रसला, सासरी. शनिवारी दुपारची गाडी धरून बोरीला उतरायची आणि रविवार संध्याकाळी परत फिरायची. तेवढ्या वेळात जमेल तेवढं वाचून दाखवायची. बाकीचे दिवस आई वर्तमानपत्र वाचायची. ती जुन्या सातवीपर्यंत शिकलेली. वाचताना बोट ओळीवरून सरकवत सरकवत जायची आणि मध्येच ओळखीच्या माणसाच्या निधनाची बातमी दिसली की ती गाळून टाकायची. बाबा विचारायचे, "इथं काय सोडलं?" ती म्हणायची, "जाहिरात होती."

मग बाबांच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं त्यांच्या मोबाइलमध्ये एक ग्रुप जोडून दिला. त्यावर रोज कुणीतरी पुस्तकाचं प्रकरण वाचून टाकायचं. कथा, कादंबऱ्या, आत्मचरित्रं, सगळं मराठीतलं. शिवाय पुस्तकांच्या पीडीएफचा नुसता ढीग होता. पण बाबांना त्याचा उपयोग नव्हता, त्यांना आवाज पाहिजे होता. वाचणाऱ्यांत एक बाई होत्या. नाव कधी सांगायच्या नाहीत, कुठल्या तेही माहीत नाही. स्वयंपाकघरात बसून वाचत असाव्यात, कारण मागं कुकरची शिट्टी व्हायची आणि त्या म्हणायच्या, "थांबा हं, गॅस बंद करून येते." बाबा खरंच थांबायचे. मी शनिवारी घरी गेले की पहिली बातमी त्या बाईंची. "आपल्या बाई या आठवड्यात सर्दीनं बेजार आहेत. पण प्रकरण काही चुकवलं नाही त्यायनं." बाबांचा चेहरा परत जागा झाला होता. आईसुद्धा तूर निवडता निवडता ऐकायची आणि नायिकेच्या सासूला शिव्या घालायची.

हे वाचन कुणाच्या परवानगीनं होतं, हा प्रश्न माझ्या मनात आला नाही असं नाही. आला आणि बाबांच्या चेहऱ्याकडे पाहून गेला.

त्याच काळात काका दुसरीकडून खचत होते. कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगमध्ये काम करणाऱ्या बायांवरची एक कादंबरी त्यांनी छापली होती. लिहिणारे गृहस्थ एका ऑफिसात कारकून होते आणि ती त्यांची एकुलती एक कादंबरी. काकांना तिचा फार अभिमान. ती चांगली खपायला लागली आणि कुणीतरी ती पानापानानं स्कॅन करून इंटरनेटवर सोडून दिली. एका पानाच्या कोपऱ्यात स्कॅन करणाऱ्याचा अंगठा आलेला, पहिल्या पानावर कुठल्याशा वाचनालयाचा शिक्का. दुकानात येणारी पोरं पुस्तक हातात घेत, मुखपृष्ठाचा फोटो काढत आणि ठेवून देत. एकानं तोंडावर सांगितलं, "काका, याची पीडीएफ भेटते ना." एका लग्नात तर एक माणूस काकांच्या गळ्यातच पडला. म्हणाला, "राजा, काय कादंबरी छापली तुम्ही! मोबाइलवर वाचली, ढसाढसा रडलो." काका ही गोष्ट सांगायचे तेव्हा शेवटी त्यांना हसावं की काय करावं हे कळायचं नाही. "त्याले काय म्हणू मी? रडला तं खरंच होता तो."

काकांनी मग हा विषय हातात घेतला. इतर विक्रेते, प्रकाशक, दोनचार लेखक जमवले. त्यांचं म्हणणं असं की टाकणारा कधीच सापडत नाही, तो कुठल्या देशात बसलाय कुणास ठाऊक. तेव्हा उतरवून घेणाऱ्यालाही कायद्यानं गुन्हेगार धरा. त्याशिवाय लोक थांबणार नाहीत. यवतमाळच्या एका वाचनालयाच्या सभागृहात त्यांनी परिसंवाद ठेवला आणि अध्यक्षपदासाठी बाबांना फोन केला. बाबा हो म्हणाले. मित्राच्या कार्यक्रमाला नाही म्हणायची त्यांना सवयच नव्हती.

त्या दिवशी मी दिग्रसहून आले, बोरीला बाबांना गाडीत घेतलं. खिडकीजवळ बसवलं. कापूस वेचून झालेली शेतं दोन्ही बाजूंनी मागं जात होती. बाबा माझ्याकडे तोंड वळवून म्हणाले, "बाई, काय बोलू मी तिथी?"

"तुम्हाला वाटेल ते बोला, बाबा."

"त्याले काय वाटंल, हा विचार करून राह्यलो."

काका बोलले ते चांगलं बोलले. त्यांचा आवाज खणखणीत, माइक नसता तरी शेवटच्या रांगेपर्यंत गेला असता. त्यांनी लेखकाचं सांगितलं, छापखान्यातल्या माणसांचं सांगितलं. म्हणाले, "चोर अंधारात नाही, तो तुमच्या आमच्या घरात सोफ्यावर बसलेला आहे, आणि आपण त्याला वाचक म्हणतो." टाळ्या झाल्या. मग मी बाबांना धरून माइकपर्यंत नेलं.

बाबा व्यासपीठावर नेहमी प्रमाण मराठीत बोलत, शाळेत बोलत तसे. म्हणाले, "मला अध्यक्ष केलं आहे. अध्यक्षानं शेवटी निकाल द्यायचा असतो. पण आरोपीनंच निकाल कसा द्यावा?" लोकांना वाटलं, गंमत करतायत. बाबा पुढं बोलले. "जिनिंगवरची ती कादंबरी छापायच्या आधी मी अक्षर न् अक्षर वाचली होती. गेल्या महिन्यात ती मी पुन्हा ऐकली. मोबाइलवर, चोरीची. एका बाईंनी वाचली. त्यांनी ती इतकी चांगली वाचली की मला त्या जिनिंगमधला कापसाचा भुगा नाकात गेल्यासारखा वाटला. मला दोन वर्षांपासून काही दिसत नाही. या कायद्यात पहिला मी येतो. तर माझ्या मित्राला माझी विनंती आहे, कायदा जरूर मागा, पण मागताना मला समोर बसवून मागा."

कुणी टाळी वाजवली नाही. एक वकील उठले आणि सांगू लागले की अंध व्यक्तींसाठी पुस्तक वाचून ध्वनिमुद्रित करायला कायद्यात मुभा आहे, सरांनी मनाला लावून घेऊ नये. बाबा म्हणाले, "पण तो ग्रुप आंधळ्यांचा नाही, वकीलसाहेब. त्यात हजारो डोळस आहेत. त्यांच्या गर्दीत मीही ऐकतो. मुभा आहे म्हणून माझं ऐकणं वेगळं कसं काढू?" त्यावर वकील बसले.

कार्यक्रम संपला तसे काका बाबांना व्हरांड्यात घेऊन गेले. मी चहाचे कप घेऊन मागं होते. काका रागात कमी आणि दुखावलेले जास्त होते.

"मले एक फोन करायचा होता. मी येऊन वाचून दाखवली असती तुले."

"कितीदा आला असता? महिन्यातून एकदा? मले रोजचा दिवस काढा लागते."

"पण तू सगळ्याइच्या समोर..."

"मंग खोटं बोलू का? तूच मले खुर्चीवर बसवलं."

"अन् मी काय विकू, सांग? तुह्यासारखे सगळेच आंधळे आहेत का?"

तो शब्द आमच्या घरात कुणीही कधी वापरला नव्हता. बाबांनी स्वतः मघाशी माइकवर वापरला होता, पण दुसऱ्याच्या तोंडून आलेला ऐकायची ती पहिलीच वेळ. काकांनी लगेच ओठ दाबले. हात पुढं केला आणि मागं घेतला. बाबांना तो दिसला नाही, मला दिसला. बाबांनी माझ्या दिशेला तोंड वळवलं. "बाई, आपली गाडी कितीची आहे?"

चहा तसाच राहिला.

त्यानंतर फोन बंद झाले. पाडव्याला काकांचा फोन येतोच येतो, तोही आला नाही. बाबांनीही केला नाही. आई म्हणायची, तुम्हीच लावा एकदा, पण बाबा विषय बदलायचे. आणि मग एका शनिवारी मी घरी गेले तर ओसरीत शांतता. बाबा मोबाइल कानाशी धरून बसले होते. त्यातून काहीच ऐकू येत नव्हतं.

"बंद झाला," ते म्हणाले. "ग्रुपच नाही राह्यला."

कुणाच्या तरी तक्रारीवरून तो काढून टाकला होता. बाई एका कादंबरीच्या मधोमध होत्या, नायिका माहेरी परत आलेली. पुढं काय झालं हे बाबांना माहीत नव्हतं, पण त्यांना हळहळ त्याची नव्हती. "त्या बाईले काही त्रास तं झाला नसंल ना?" असं त्यांनी मला दोनदा विचारलं. मी ते पुस्तक शोधून आणलं, राहिलेली प्रकरणं वाचून दाखवली. त्यांनी शांतपणे ऐकली. माझ्या वाचण्यात काही कमी नव्हतं, पण आठवड्यात शनिवार एकच येतो.

कामानं यवतमाळला गेले तेव्हा मी काकांच्या दुकानात शिरले. दुकान रिकामंच होतं. मी आडपडदा न ठेवता विचारलं, "काका, ग्रुपची तक्रार तुम्ही केली?"

"होय. माह्या नावानं केली, लपून नाही."

"बाबा त्यात होते हे तुम्हाला माहीत होतं."

"माहीत होतं." त्यांनी चष्मा काढला. "बस."

मी बसले. त्यांनी टेबलाखालून एक प्लॅस्टिकची पिशवी काढली. दिग्रसजवळच्या बंजारा तांड्यावरची एक मुलगी, माझीच जुनी विद्यार्थिनी, गोरबोलीत आणि मराठीत कविता लिहायची. तिचं हस्तलिखित मीच काकांना दिलं होतं. काकांनी तिला छापतो म्हणून शब्द दिला होता.

"तिले देऊन देजो. मी नाही छापू शकत. तिच्या समोर उभं राहून सांगाची हिंमत नाही झाली, म्हणून तुले देऊन राह्यलो." मग म्हणाले, "तुह्या बाबाचे डोळे गेले, त्याचं दुःख मले तुह्यापेक्षा कमी नाही. पण ही पोरगी, तिच्यासारखे अजून किती जण. याइचं पुस्तक निघालंच नाही तं कोणी चोरणार काय अन् कोणी ऐकणार काय?"

पिशवी घेऊन मी निघाले. त्या मुलीला ती परत देताना तिनं ती छातीशी धरली आणि मलाच धीर दिला, "काही नाही मॅडम, होईल." तिच्या कविता अजून छापल्या गेल्या नाहीत. ती आता मुंबईकडे कुठंतरी नर्सिंग करते.

माझाही एक कथासंग्रह काकांनीच काढला होता. तो त्यांनी छापलेल्या शेवटच्या पुस्तकांपैकी.

दुकान विकल्याची बातमी मला दुसऱ्याकडून कळली. तिथं मोबाइलचे कव्हर विकणारा माणूस येणार होता. मी बाबांना सांगितलं. ते बराच वेळ बोटांनी खुर्चीचा हात चाचपत राहिले, मग आईला म्हणाले, "सदरा दे. यवतमाळले जाऊन येतो."

आम्ही पोचलो तेव्हा अर्धी पुस्तकं खोक्यांत गेली होती. काका स्टुलावर बसले होते. बाबांना पाहून उठले.

"ये," म्हणाले.

बाबा दारातच थांबले. "तुह्या गळ्याले काय झालं?"

"कुठी काय. सर्दी."

"कवापासून?"

"दिवाळीपासून असंल."

"होळी आली आता."

मी काकांना त्या काळात अधूनमधून भेटत होते. काकू तर चोवीस तास घरात. आवाज थोडा घोगरा झालाय असं आम्हाला वाटलं होतं, बस. बाबांनी एका शब्दावरून ओळखलं. "खर्रा सोडला का?" त्यांनी विचारलं. काका हसले, म्हणजे उत्तर कळलं. कॉलेजच्या खोलीपासून काकांचा गाल तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यानं फुगलेला असायचा.

"मी माफी मागाले नाही आलो," बाबा म्हणाले.

"मी तरी कुठी मागून राह्यलो."

मग दोघंही खोक्यांवर बसले आणि कायद्याचं, ग्रुपचं, परिसंवादाचं अवाक्षर न काढता कोणत्या पुस्तकाचा कागद चांगला होता आणि कोणत्या मुखपृष्ठाचा रंग छापखान्यानं बिघडवला होता, ते बोलत राहिले. निघताना काकांनी प्रत्येक पुस्तकाची एकेक प्रत बांधून दिली. बाबा म्हणाले, मी काय करू याचं? काका म्हणाले, "ठेव. घरात राहतीन." गाडीत बसल्यावर बाबा मला एवढंच म्हणाले, "उद्याच्या उद्या त्याले डॉक्टरकडे धाड. काकूले फोन लाव."

घशाचा कॅन्सर निघाला. नागपूरला ऑपरेशन झालं आणि स्वरयंत्र काढावं लागलं. ज्या माणसाला माइक लागत नव्हता, त्याच्या गळ्याला आता एक भोक होतं आणि वर पांढरी जाळीदार पट्टी. थोडं बरं वाटल्यावर काका स्वतःच एसटीनं बोरीला आले. शबनममध्ये पोरांची पाटी आणि पेन्सिल.

आता एकाला दिसत नव्हतं आणि दुसऱ्याला बोलता येत नव्हतं. मध्ये आई. काका पाटीवर लिहायचे, आई बोट ठेवून वाचायची, बाबा उत्तर द्यायचे. काकांचा हात झरझर चालायचा, आईचं वाचणं अक्षराला अक्षर जोडत. "थांबा हो भाऊजी, मले अक्षर लागू तं द्या," ती म्हणायची. काका काही गमतीचं लिहायचे तेव्हा आई आधी मनात वाचून हसायची, काकांचे खांदे हलायचे, आणि बाबा त्या दोघांकडे तोंड करून वाट पाहत बसायचे. "सांग ना, काय लिहिलं?" मग आई हसू आवरत वाचायची आणि बाबा सगळ्यांत शेवटी हसायचे. मी ते शनिवारी ओसरीच्या पायरीवर बसून पाहायची. मला हसू यायचं नाही.

एकदा ते दोघं पुन्हा भांडलेही. कुठंतरी कायद्याची चर्चा सुरू असल्याची बातमी होती. काकांनी पाटीवर लिहिलं. आईनं तिच्या त्या सपाट सुरात वाचलं, "का-यदा झा-लाच पा-हिजे." बाबा म्हणाले, "मंग पयले मले धरा." काकांनी खसाखसा पुसलं आणि पुन्हा लिहिलं. आईनं वाचलं, "धरू." बाबा काहीतरी चिडून बोलणार, तेवढ्यात आईनं पाटी उलटी ठेवली. "मी नाही वाचत आता. भांडाचं असंल तं दुसरं माणूस पाहा तुम्ही." तिचे डोळे भरून आले होते. काकांना ते दिसले. त्यांनी पाटी घेतली, कोरी करून शबनममध्ये टाकली आणि बाबांच्या गुडघ्यावर हात ठेवून गाडीची वेळ होईपर्यंत बसून राहिले.

पावसाळा संपता संपता दुखणं उलटलं. त्यानंतर काका बोरीला आले नाहीत. आम्ही दोनदा यवतमाळला जाऊन आलो. दुसऱ्या खेपेला त्यांच्या हातात पेन्सिल धरायची ताकद नव्हती आणि बाबांपर्यंत त्यांचं काही पोचायचा रस्ताच उरला नव्हता. बाबा बोलले, एकटेच. शाळेचं, पिकाचं, आईनं केलेल्या कढी-गोळ्यांचं. काकांनी ऐकलं असावं. काकू म्हणाल्या, डोळे उघडे होते. सोयाबीन निघायच्या सुमारास काका गेले.

शोकसभा त्याच वाचनालयात झाली. पुष्कळ लोक आले, लोकांचं त्यांच्यावर प्रेम होतं, यात खोटं काही नाही. शेवटी एक मध्यमवयीन गृहस्थ उठले. म्हणाले, काकांची पुस्तकं आता बाजारात मिळत नाहीत, प्रकाशनही बंद झालं. ती हरवू नयेत म्हणून त्यांनी स्वतः रात्रंदिवस बसून मिळाली तेवढी सगळी पुस्तकं स्कॅन केली आहेत आणि आजपासून ती सर्वांना मोबाइलवर फुकट उतरवून घेता येतील. हीच काकांना श्रद्धांजली. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत, पण वाजल्या. काकांच्या मुलानं उठून त्या गृहस्थांचा हात हातात घेतला. तो बंगलोरला असतो, त्याला बापाची ही लढाई किती माहीत होती कुणास ठाऊक. काकू खाली मान घालून बसल्या होत्या.

बाबांना दोन शब्द बोलायला सांगितलं. त्यांनी मानेनंच नाही म्हटलं. माझं मनगट त्यांनी इतकं घट्ट धरलं होतं की बोटांचे ठसे उमटले.

परतीच्या गाडीत मी म्हटलं, "बाबा, तुम्ही काहीतरी बोलायला पाहिजे होतं."

"काय बोलू? त्या माणसाचं खोटं आहे का? पुस्तकं हरपलीच असती." मग म्हणाले, "अन् त्याचं तरी कुठी खोटं होतं."

कायद्याचं अजून चालूच आहे. डाउनलोड करणाऱ्याला पकडावं की नाही यावर लोक बोलतात, आमची मुलं त्यावर स्पर्धेत भाषणं करतात. तो ग्रुप नव्या नावानं परत सुरू झाला. विद्यार्थ्यानं बाबांना जोडून द्यायची तयारी दाखवली, बाबांनी राहू दे म्हणून सांगितलं. तत्त्व वगैरे काही नाही, ऐकावंसं वाटत नाही म्हणाले. त्या गृहस्थांचा मला निरोप आला की तुमचा कथासंग्रह तेवढा राहिलाय, परवानगी असेल तर तोही टाकतो. विचारलं, हा त्यांचा चांगुलपणा. मी अजून त्यांना हो म्हटलेलं नाही आणि नाहीही म्हणवत नाही. काकांनी बांधून दिलेल्या गठ्ठ्यातली त्याची एकच प्रत आता उरली आहे.

मागच्या शनिवारी दुपारी बाबांनी मला जवळ बोलावलं. म्हणाले, "तुह्या मोबाइलात त्याचा आवाज आहे का कुठी?"

मी माझ्या मोबाइलमध्ये शोधलं. मग बाबांच्या. काकूंना फोन करून विचारलं, त्यांनी मुलाला विचारलं. फोटो पुष्कळ निघाले, दुकानातले, लग्नातले, कुठल्या कुठल्या कार्यक्रमांतले. काका फोनवर लांबलचक बोलायचे, पण आवाज नोंदवून पाठवायची त्यांना सवय नव्हती, आणि त्यांचं बोलणं धरून ठेवावं असं आमच्यापैकी कुणाला कधी सुचलं नव्हतं.

"नाही, बाबा," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि खुर्चीत मागं टेकून बसले. बाहेर अंगणात आईनं तूर वाळत घातली होती, ती हातानं पसरवत होती, त्याचा सळसळ आवाज येत होता. बाबा तो ऐकत राहिले.